चहानंतरचे प्रश्न

पुण्यात व्याख्यानाला माणसं जमवणं कधीच अवघड नव्हतं. अवघड असतं ते आभार मानायला उठलेल्या माणसाला खाली बसवणं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू करून दिली. तेव्हापासून संध्याकाळी खुर्चीवर बसून दुसऱ्याचं ऐकायचं आणि तो नेमका कुठे चुकला हे जिना उतरताना शेजाऱ्याला सांगायचं, ही या गावाची रीतच आहे. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाच्या पुण्यातल्या व्याख्यानांना मी शाळकरी वयात गेले ती याच रीतीनं. काका मुंबईहून बदली होऊन पुण्याला आले होते, सोसायटीचे जुने सभासद होते आणि त्यांना सोबत लागायची. व्याख्यानातलं मला ओ की ठो कळायचं नाही. पण नंतर चहाबरोबर बटाटेवडा मिळायचा.

हॉल भाड्याचा. वेळ सहाची, सुरुवात सव्वासहाला. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर वक्त्याची पहिली स्लाइड हमखास उलटी लागायची आणि पुढच्या रांगेतलं कुणीतरी तत्परतेनं उठून ती सुलट करायचं. व्याख्यान इंग्रजीत असायचं, चहा मराठीत. हॉलमधले प्रश्न ऐटबाज असत: मेमरी किती, वेग किती, अमुक भाषा सोडून तमुक का घेतली. चहाच्या टेबलापाशी वक्ता एकटा सापडला की खरे प्रश्न बाहेर पडायचे. "सर, आमच्या ऑफिसात हे आलं तर आमचं काय?" "आतली माहिती बाहेर गेली तर धरायचं कुणाला?" "मुलाला कुठल्या कोर्सला घालू?" काका म्हणायचे, "मी पासष्ट सालापासून हेच ऐकतोय. मशीनचं नाव तेवढं बदलतं."

या सोसायटीचा लेखी इतिहास अध्यक्ष, अधिवेशनं आणि ठराव यांनी भरलेला आहे. तो खोटा नाही. पण मला तो आमच्या घरातल्या तीन म्हाताऱ्यांकडून वेगळाच कळला. काका कॉम्प्युटरच्या बाजूचे, मामा विरुद्ध बाजूचा, आणि आत्या त्या कॉम्प्युटरला रोज जेवू घालणारी. तिची बाजू कुणी विचारलीच नव्हती.

काकांची गोष्ट कुलाब्याच्या टोकाला सुरू व्हायची. आर. सी. चर्चच्या पुढे, नेव्ही नगरात, समुद्राला लागून असलेल्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये. तिथे 'टिफरॅक' नावाचा देशात बांधलेला कॉम्प्युटर होता. होमी भाभांच्या संस्थेत आर. नरसिंहन हे तरुण गणितज्ञ १९५४ साली आले आणि त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मशीन उभं केलं. त्यांच्यापैकी कुणीही त्याआधी कॉम्प्युटर बांधलेला नव्हता. २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, साडेबारा हजार रेझिस्टर आणि ४० बिटांचे २,०४८ शब्द मावतील एवढी मेमरी. आजच्या हिशोबानं दहा किलोबाइट. लग्नाच्या पत्रिकेचा मोबाइलवर काढलेला धूसर फोटोसुद्धा त्यात बसायचा नाही. १९६० साली ते पूर्णपणे चालू झालं आणि दोन वर्षांनी पंडित नेहरूंनी त्याला नाव दिलं. काका तिथे पोचले तेव्हा टिफरॅकचे शेवटचे दिवस होते आणि शेजारी अमेरिकेहून आलेलं सीडीसी ३६०० बसलं होतं. साल १९६४.

काका संख्याशास्त्र शिकलेले. त्यांचं ऑफिस त्यांना गणितं घेऊन कुलाब्याला पाठवायचं. गणित म्हणजे कार्डांचा गठ्ठा. प्रोग्रामच्या एकेका ओळीला एक कार्ड, त्यावर ८० कॉलम, आणि भोकं. गठ्ठा खिडकीत द्यायचा, रबरबँड लावून, वर चिठ्ठी. निकाल दुसऱ्या दिवशी. स्वल्पविराम एके ठिकाणी राहिला असेल तर दुसऱ्या दिवशी निकालाऐवजी एक चुकीची ओळ छापून यायची आणि पुन्हा बस. गठ्ठा हातातून पडला तर? देशभरातले लोक तिथे कार्डं घेऊन यायचे, त्यामुळे पडायचेच. त्यावर जुन्या माणसांनी शोधलेली युक्ती काका फार कौतुकानं सांगायचे: गठ्ठा उभा धरून त्याच्या कडेवर पेन्सिलीनं एक तिरकी रेघ ओढायची. कार्डं विस्कटली की रेघ पुन्हा सरळ होईपर्यंत ती लावत जायचं. "ही युक्ती कुठल्याही पुस्तकात नव्हती. रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या माणसानं शिकवली."

मला वाटतं, सोसायटी जन्मली ती या रांगेत. कागदोपत्री ती १९६५ साली स्थापन झाली आणि नरसिंहन तिचे पहिले अध्यक्ष झाले. पण मुळात तो कॉम्प्युटर वापरणाऱ्यांचा गट होता. देशातल्या साऱ्या कॉम्प्युटरांची यादी तेव्हा वहीच्या एका पानावर मावली असती. पुस्तकं महाग, परदेशी नियतकालिकं बोटीनं यायची, शिकवणारी कॉलेजं जवळपास नव्हतीच. तेव्हा ज्याला जे सापडलं ते त्यानं दुसऱ्याला सांगायचं, एवढाच कार्यक्रम. आयआयटीतला प्राध्यापक, तेलकंपनीतला हिशोबनीस, संरक्षण खात्यातला एखादा अबोल माणूस, सगळे एका टेबलाशी. धंद्यातले प्रतिस्पर्धी एकमेकांना आपल्या चुका सांगतात, हे काकांना फार नवलाचं वाटलं होतं. त्यांच्या घराण्यात दुकानदारी होती.

आत्या काकांहून चार वर्षांनी धाकटी. मॅट्रिक, टायपिंगच्या दोन परीक्षा पास. मुंबईत एसो या तेलकंपनीनं १९६१ सालीच आयबीएम १४०१ बसवलं होतं, मग बाकीच्या बड्या कंपन्यांनाही हवंसं वाटू लागलं. अशाच एका कंपनीच्या पंचिंग रूममध्ये आत्या लागली. हुद्दा की-पंच ऑपरेटर. खोलीत सगळ्या मुली आणि आवाज असा, की घरी आल्यावरही ती मोठ्यानं बोलायची. आजीला वाटायचं, नोकरीनं पोरीला उद्धट केलं.

काम कसं चालायचं ते तिनं मला ताट-वाट्या मांडून दाखवलंय. एका मुलीनं फॉर्म बघून कार्डावर भोकं पाडायची. ते कार्ड आणि तोच फॉर्म दुसरीकडे जायचा. तिनं व्हेरिफायरवर तेच सगळं पुन्हा टाइप करायचं; जुळलं तर मशीन कार्डाच्या उजव्या कडेला एक खाच पाडायचं, नाही जुळलं तर चुकलेल्या कॉलमच्या डोक्यावर. खाच डोक्यावर आली की पहिलीनं ओठ चावायचे. तासाला किती वेळा बोट पडलं याची मोजणी व्हायची. सरकारी भरतीत डेटा एंट्री ऑपरेटरला तासाला ८,००० की-डिप्रेशनचा वेग आजही मागतात. ते वाचून आत्या म्हणाली, "आठ हजार? ते तर आम्ही सोमवारी सकाळी मारायचो, आळस झाडता झाडता."

फुकट गेलेली कार्डं मुली घरी आणायच्या. जाड, गुळगुळीत, पाठकोरी. आमच्या घरी त्यांच्या मागे दुधाचा हिशोब, वाण्याची यादी, आल्यागेल्याचे निरोप. एकदा जेवताना काकांनी दुधाच्या हिशोबाचं कार्ड उजेडात धरलं आणि वाचायला सुरुवात केली. अंकाला एक भोक, अक्षराला दोन. सवयीच्या डोळ्याला ते छापील मजकुराइतकंच सोपं. आत्याच्या कंपनीतल्या एका मोठ्या साहेबाचं नाव आणि खाली त्यांचा पगार. आजोबांनी आकडा दोनदा विचारून घेतला. आत्याचा घास हातातच राहिला. साहेबाचा महिन्याचा पगार आमच्या दुधवाल्या भैयाच्या सायकलला लटकलेल्या पिशवीत आठवडाभर दादरभर फिरून आला होता.

पुढे काकांनी हा किस्सा चहाच्या टेबलावर सांगितला, नाव गाळून, आणि तेव्हा सगळे पोट धरून हसले, म्हणे. मला मात्र त्यात आज सगळं दिसतं. कॉम्प्युटरच्या खोलीला दोन दारं, बाहेर पहारेकरी, आत जाताना चपला काढायच्या, नोंदवहीत सही करायची. आणि आतली माहिती रद्दीतून बाहेर. सुरक्षेवरची व्याख्यानं मी पुढे पुष्कळ ऐकली. दाराबद्दल बोलणारे खूप, रद्दीबद्दल बोलणारे थोडे.

मामा म्हणजे आईचा भाऊ. विमा कर्मचारी आणि पक्का युनियनवाला. आयुर्विमा महामंडळानं साठीच्या दशकात कॉम्प्युटर आणायचं ठरवलं तेव्हा मुंबईत मशीन बसलं, पण कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी इमारतीभोवती रात्रंदिवस पहारा ठेवून ते आत येऊ दिलं नाही. मामा तो पहारा बघायला गेला नव्हता. पण सांगतो असा, की जणू रात्रपाळी त्याचीच होती. त्याचा मुद्दा साधा होता. हजारो कारकून हातानं प्रीमियमच्या नोंदी करतात. हे मशीन त्यांच्या मानेवर येणार. देशात बेकारी ही एवढी, आणि आपण माणसं वाचवणारी यंत्रं डॉलर देऊन आणायची? हा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. सरकारनं त्यासाठी समिती नेमली आणि तिच्या अध्यक्षपदी पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर. दारिद्र्याचा अभ्यास ज्यांनी केला, त्यांच्याच पुढ्यात कॉम्प्युटर आणून ठेवला, हे मला आजही योग्य वाटतं. १९७२ साली समितीचा अहवाल आला. मागेल त्याला मशीन असं नको, पारखून परवानगी द्यावी, असा त्याचा सूर होता.

काका आणि मामा आमच्या घरी एकत्र आले की आई जेवण लवकर वाढायची. एकदा मामानं चिडवलं, "तुमच्या सोसायटीत कारकुनाला भाषण करायला बोलावता का हो कधी?" काकांनी उत्तरादाखल एफ. सी. कोहलींचं नाव काढलं. टाटा कन्सल्टन्सीचे कोहली १९७५च्या सुमारास सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांचं म्हणणं असं, की औद्योगिक क्रांती आपल्या हातातून निसटली, त्याची कारणं आपल्या हातची नव्हती. पण ही नवी क्रांती स्वच्छ विचार करणाऱ्या डोक्यावर चालते आणि ते भांडवल आपल्याकडे भरपूर आहे. काका हे सांगताना सरसावून बसायचे. मामा शांतपणे म्हणाला, "डोकं आहे हो. पण कोहलीसाहेबांना डोक्याचं गिऱ्हाईक अमेरिकेत मिळालं. माझ्या ऑफिसातल्या हेडक्लार्कच्या डोक्याला गिऱ्हाईक कोण?" दोघंही बरोबर होते, आणि म्हणूनच भांडण कधी मिटलं नाही.

मधली वर्षं भराभर सांगते, कारण घरातलेही भराभरच सांगायचे. १९७८ साली आयबीएम देश सोडून गेली आणि जुनी मशीनं चालती ठेवायची जबाबदारी सीएमसी या सरकारी कंपनीवर आली. सुट्या भागांसाठी लोक एकमेकांचे दरवाजे ठोठावू लागले. तेव्हा सोसायटीतल्या ओळखी कामी आल्या. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांशी यांत्रिकीकरणाचा करार झाला, पुढच्या वर्षी त्याच विषयावर रंगराजन समितीचा अहवाल. बँकांत 'लेजर पोस्टिंग मशीन' आली. मामा डोळा मिचकावून सांगतो, की ती कॉम्प्युटरच होती. पण तसं म्हटलं असतं तर सह्या झाल्या नसत्या. आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघालं, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली. अमेरिका महासंगणक देताना अटी घालते, तर आपण आपला बनवू, आणि तोही तीन वर्षांत. १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. त्यावर बोलायला आलेला एक इंजिनिअर मला चांगला आठवतो, कारण तो व्याख्यानातही मराठीत बोलला. एकच महागडा प्रोसेसर न घेता चौसष्ट छोटे एकत्र लावलेत, हे सांगताना म्हणाला, "कार्यालयात एकट्या आचाऱ्याला चौपट पगार देऊन पोळ्या लवकर होत नाहीत, चौसष्ट बायका लाटायला बसवाव्या लागतात. खरी अक्कल लाटण्यात नाही, पीठ वाटून देण्यात आहे." समांतर गणनेची याहून चांगली व्याख्या मला पुढे पदवीच्या वर्गातही मिळाली नाही.

त्याच सुमारास हॉल तुडुंब भरला तो महासंगणकासाठी नव्हे, जोशींसाठी.

१९९० साली भारतात एक व्हायरस सापडला. फ्लॉपीच्या पहिल्याच भागात, बूट सेक्टरमध्ये, तो दडून बसायचा. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी विसरून मशीन चालू केलं की आधी तो मेमरीत शिरायचा आणि मग बाकीचं काम होऊ द्यायचा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून पुन्हा सुरू केलं तरी मरायचा नाही, मशीन बंदच करावं लागायचं. वर्षभर गप्प. ५ जानेवारी आली की पडद्यावर फर्मान: 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. मुकाट्यानं टाइप केलं की काम पुढे चालू. हे जोशी कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. पुण्याच्या हॉलमध्ये हे सांगायचं म्हणजे काय! दर रांगेत एक जोशी. वक्त्यानं मजकूर वाचून दाखवल्यावर सगळा हॉल आपापल्या जोश्यांकडे वळून बघू लागला. मागून एकानं उठून जाहीर केलं, की आपला वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो.

हसू ओसरल्यावर चहापाशी मात्र चेहरे लांबले. डॉक्टर, चार्टर्ड अकाउंटंट, छापखानेवाले. ज्यांनी कर्ज काढून पीसी घेतला होता ते सगळे. त्यांच्या पेशंटच्या, अशिलांच्या नोंदी त्या फ्लॉप्यांवर होत्या. त्यांना जोशी म्हणजे गंमत नव्हती. १९९२च्या ६ मार्चला 'मायकेलँजेलो' नावाचा व्हायरस डिस्क पुसणार अशी आवई उठली तेव्हा कित्येकांनी त्या दिवशी मशीनच लावलं नाही. तोही उपाय सोसायटीच्याच व्याख्यानात सांगितलेला. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि कॉम्प्युटर शिकणारा त्यांचा धाकटा भाऊ संजय यांनी गिऱ्हाइकांच्या मशीनमधले असेच व्हायरस काढता काढता 'क्विक हील' हे अँटिव्हायरस उभं केलं. व्याख्यान देणाऱ्यांपेक्षा दुरुस्ती करणाऱ्यांना आजार आधी दिसतो, हे माझं तेव्हापासूनचं मत.

आणि आत्या? तिची पंचिंग रूम ऐंशीच्या दशकात बंद झाली. आधी कार्डांच्या जागी फ्लॉपीवर टाइप करायची मशीनं आली, मग ज्या त्या खात्याच्या टेबलावर टर्मिनल बसलं आणि ज्याची नोंद त्यानंच करायची असं ठरलं. मामानं ज्याच्यासाठी झेंडा धरला तो कारकून टिकला. करारांनी त्याला राखलं, त्याचा पगार वाढला, त्याची मुलं इंजिनिअर झाली. कॉम्प्युटरनं पहिल्यांदा ज्यांची नोकरी घेतली त्या कॉम्प्युटरनंच नोकरीला लावलेल्या मुली होत्या. त्यांच्यासाठी कलकत्त्यात काय, मुंबईतही कुणी पहारा दिला नाही. युनियनच्या लेखी त्या मशीनच्या बाजूच्या, आणि मशीनवाल्यांच्या लेखी टायपिस्ट. आत्याला डिस्पॅचमध्ये टाकलं, पाकिटांना तिकिटं लावायला. काकांनी सोसायटीच्या एका बैठकीत हा विषय काढून बघितला. वक्त्यांच्या यादीत तेव्हा 'एक्स्पर्ट सिस्टिम' होत्या. विषय राहून गेला.

मला नोकरी लागली १९९८ साली, आणि ती आत्याच्या कृपेनं. हे मला लागल्यावर कळलं. पुण्यातल्या एका कंपनीत अमेरिकन विमा कंपनीचे जुने कोबोल प्रोग्राम तपासायचे. तारखेत साल दोनच अंकी ठेवलेलं असेल ती जागा हुडकायची, नाहीतर २००० साल उजाडलं की मशीनला ते १९०० वाटणार. सोसायटीच्या व्याख्यानांना तेव्हा उभं राहायला जागा नसायची. विषय एकच, आणि कोबोल येणारे निवृत्तीच्या काठावरचे लोक अचानक भाव खाऊ लागले होते. घरी मी वैतागून म्हटलं, कुठल्या शहाण्यांनी साल दोन अंकी ठेवलं! आत्या भाजी निवडत होती.

"आम्ही ठेवलं," ती म्हणाली. "कार्डाला कॉलम ऐंशी. त्यात पॉलिसी नंबर, नाव, पत्त्याचा कोड, रक्कम, आणि तारखा तीन-तीन. एकोणीस प्रत्येक तारखेत मारायचं तर सहा कॉलम गेले. फॉर्मवर छापूनच यायचं, सालाला दोन घरं. आणि दोन हजार साली हेच प्रोग्राम चालू असतील असं कुणाला वाटलं होतं? मला तर मी असेन असंही वाटलं नव्हतं."

३१ डिसेंबर १९९९ची रात्र मी ऑफिसात काढली. पिझ्झा मागवला होता. काही झालं नाही, आणि काही झालं नाही म्हणून पुढची कित्येक वर्षं लोक म्हणत राहिले, की ते सगळं थोतांडच होतं. काम नीट झालं की असं होतं.

मग मंदी आली. अमेरिकेहून परतलेली मुलं चहाच्या टेबलाशी दिसू लागली. नोकरीचा प्रश्न आता मशीनच्या बाजूची माणसंच विचारत होती. २००१ साली एमकेसीएल निघालं आणि कॉम्प्युटर शिकवणारे एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लोगल्ली पोचले. आत्यानंही नाव घातलं. टायपिंगच्या तासाला शिकवणारा मुलगा तिच्या मागे येऊन उभाच राहिला. म्हणे, आजी, जरा हळू, कीबोर्ड कंपनीचा आहे.

काका २०११ साली गेले. त्यांच्यामागे मामानं व्याख्यानांना जायला सुरुवात केली, हा आमच्या घरातला मोठाच सत्ताबदल. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. १९०६ साली पुण्यात स्थापन झालेली सहकारी बँक. निम्म्या पेठांची खाती तिथली. ११ ऑगस्टला शनिवारी, काही तासांत, नकली कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, आणि सोमवारी बँकांच्या आंतरराष्ट्रीय स्विफ्ट यंत्रणेतून जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगला. एकूण ९४ कोटींच्या वर. त्यावर झालेल्या एका कार्यक्रमात वक्त्यानं फळ्यावर आकृती काढली. एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा एका मधल्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते: या खात्यात पैसे आहेत का, देऊ का? हल्लेखोरांनी मध्ये आपलीच खोटी यंत्रणा उभी केली. विचारणा मुख्य प्रणालीपर्यंत पोचलीच नाही. मधल्यामध्ये 'द्या' असं उत्तर मिळत गेलं.

मामानं हात वर केला. चहापर्यंत थांबणं त्याच्या स्वभावात नाही. "तांत्रिक भाग समजला," तो म्हणाला. "पण इतक्या एटीएमसमोर एकाच दिवशी कार्डं घेऊन उभी राहिलेली माणसं कोण होती? त्यांना कामावर कुणी ठेवलं, मजुरी काय दिली?" हॉलमध्ये हशा पिकला. वक्ता हसला नाही. तो म्हणाला, तपास तिथूनच सुरू होतो, कारण कॅमेऱ्यात तेच दिसतात. पुढे २०२३ साली पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना शिक्षा सुनावली. ते पैसे काढणारे आणि काढवून घेणारे होते. सगळी आखणी करणारे फळ्यावरच्या आकृतीत कुठेतरी राहिले.

आता या व्याख्यानांना दोन तऱ्हेची गर्दी असते. 'डिजिटल अरेस्ट'वर बोलायचं असेल तर पहिल्या पाच रांगा पांढऱ्या केसांच्या. असा अटकेचा प्रकार कायद्यात नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला बसवून ठेवत नाहीत, पैसे गेले तर लगेच १९३०ला फोन करा. हे सगळं वक्ता सांगतो आणि लोक ते डायरीत लिहून घेतात. विषय कृत्रिम बुद्धिमत्तेचा असेल तर रांगा काळ्या केसांच्या, आणि लिहून कुणीच घेत नाही, फळ्याचा फोटो काढतात. गेल्या पावसाळ्यात अशा एका व्याख्यानाला मी आत्या आणि मामा दोघांनाही घेऊन गेले. वक्त्री तिशीची. प्रोग्राम लिहिणारं मशीन तिनं पडद्यावर चालवून दाखवलं. मी ज्या कामाला १९९८ साली सहा महिने घालवले तसलं काम ते मिनिटभरात करत होतं. आणि एक तारीख चुकवलीही, ती तिनं प्रामाणिकपणे दाखवली.

चहाला शेवटच्या वर्षाची चार मुलं आमच्या टेबलाशी आली. त्यातल्या एकीनं वक्त्रीला विचारलं, "मॅडम, टेस्टिंगमध्ये ऑफर आहे. घेऊ का? दोन वर्षांत ते काम राहील का?" वक्त्री थोडा वेळ विचार करत राहिली, आणि ते मला आवडलं.

मामा मध्ये पडला. "करार करा. नेमणुकीच्या पत्रात लिहून घ्या, काम बदललं तर शिकवायचा खर्च कुणाचा."

"अहो भाऊ, तुमच्या करारात आम्ही होतो का?" आत्या म्हणाली. "तुमचा कारकून वाचला. माझ्या खोलीतल्या मुलींचं काय झालं, विचारलंत कधी? तिघी शाळेत आया म्हणून लागल्या, एक पोळीभाजी केंद्र चालवायची. मला डिस्पॅच मिळालं ते वरच्या साहेबाची बायको माझ्या वर्गातली म्हणून."

मामा गप्प झाला. मग म्हणाला, "नाही विचारलं, ताई. तुम्ही मशीनच्या खोलीत होता. आम्हाला वाटलं, तुमचं भलंच होणार."

टेस्टिंगवाली मुलगी बशी हातात घेऊन ऐकत होती. तिनं आत्याला विचारलं, की तुमचं काम बंद होणार हे तुम्हाला किती आधी कळलं. आत्यानं सांगितलं, कळत होतं. फॉर्म कमी यायला लागले होते. वर्षभर आधी रिबनची नवी ऑर्डर गेली नव्हती. पण ते साहेबानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मग तिनं उलट त्या मुलीलाच विचारलं, तुझ्याकडे येणारं काम कमी होतंय की वाढतंय, ते बघतेस का? मुलीनं इंटर्नशिपचं सांगितलं. दोघी टेबलाच्या टोकाला सरकल्या आणि पंधरा मिनिटं बोलत राहिल्या. वक्त्रीही खुर्ची ओढून त्यांच्यात बसली.

निघताना शाखेचा तरुण कार्यवाह आत्याच्या मागे लागला. पुढच्या महिन्यात तुम्हीच बोला, पंचिंग रूमवर. आत्यानं अटी घातल्या: मराठीत बोलणार, बसून बोलणार, आणि येण्याजाण्याची रिक्षा तुमची. मामा म्हणाला, मलाही पंधरा मिनिटं हवीत, दुसरी बाजू म्हणून. कार्यवाहानं दोन्ही नावं मोबाइलमध्ये टिपली आणि आमंत्रणावर आत्याच्या नावाखाली काय छापायचं ते विचारलं. त्यानं स्वतःच 'कॉम्प्युटर क्षेत्रातील अग्रणी' असं काहीतरी सुचवलं.

"निवृत्त की-पंच ऑपरेटर," आत्या म्हणाली. "आणि छापून आलं की मला दाखव. दुसऱ्या माणसानं तपासल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही."